माइकची कॅप्सूल बदलण्यापूर्वी...

नवी मुंबई : एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचे डोंगर आणि मधल्या सखल पट्ट्यात वसलेले शहर. येथील पावसाळी हवेत कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते. सदनिकेच्या एका खोलीत थाटलेल्या स्टुडिओतील कंडेन्सर माइक त्यातून कसा सुटणार? जुलै उजाडला, की गायकाच्या आवाजामागून चरचर ऐकू येऊ लागते. 'कॅप्सूल गेली' असा निष्कर्ष काढून नवी मागवली जाते. पुष्कळदा ती गेलेली नसतेच.

कॅप्सूल हा माइकचा कान. सोन्याचा मुलामा दिलेला, अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा आणि त्यामागे धातूची चकती, अशी तिची रचना असते. दोहोंमध्ये विद्युतदाब दिलेला असतो. आवाजाने पडदा हलला, की दोहोंतील अंतर बदलते आणि त्यातूनच संकेत निर्माण होतो. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये असा माइक तयार केला, तेव्हापासून हे तत्त्व तेच आहे. हा संकेत इतका क्षीण असतो, की तो जपण्यासाठी सर्किटमध्ये शंभर कोटी ओहमच्या घरातील रोधक बसवावे लागतात. अशा ठिकाणी दमट धुळीचा पुसटसा थरही विजेला आडवाट करून देतो. चरचर उमटते ती या गळतीची.

त्यामुळे पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह माइक एक-दोन दिवस ठेवावा. आवाज स्वच्छ झाला, तर खर्च वाचला. न झाल्यास जाणकार तंत्रज्ञ कॅप्सूल काढून तिच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा छोटा कपॅसिटर जोडून पाहतो. चरचर तरीही कायम राहिली, तर दोष सर्किटचा. नवी कॅप्सूल आणून काहीही साधणार नाही.

आवाजाचा पोत सुधारण्यासाठी कॅप्सूल बदलणे, ही गोष्ट निराळी. जर्मनीच्या न्यूमन कंपनीने १९६० मध्ये यू ६७ हा माइक आणला. त्याची के ६७ ही कॅप्सूल वरच्या पट्टीतील ध्वनी मुद्दाम ठळक करते आणि सर्किट तो ठळकपणा पुन्हा उतरवते. या देवाणघेवाणीत सर्किटची खरखरही दबते. पुढे अनेक स्वस्त माइकांत या कॅप्सूलची नक्कल आली. पण ठळकपणा उतरवणारे सर्किट आले नाही. परिणामी 'स', 'श' कानाला टोचतात. मराठीत तर 'चमचा', 'चोर' यांतील दंत्य 'च'ही आहेच! अशा माइकला के ४७ धाटणीची, तुलनेने सपाट प्रतिसादाची कॅप्सूल बसवली, तर फरक लगेच जाणवतो. महागडी, पण के ६७ धाटणीचीच कॅप्सूल बसवून हा टोचरेपणा जाण्याची शक्यता कमीच.

खरेदीपूर्वी माइक इलेक्ट्रेट जातीचा नाही ना, हे पाहावे. इलेक्ट्रेट कॅप्सूलमध्ये विद्युतभार कायमचा साठवलेला असतो. तिच्या जागी साधी कंडेन्सर कॅप्सूल लावली, तर तिला लागणारा दाब सर्किट पुरवत नाही आणि माइक जवळपास मुका होतो. व्यास आणि बैठकीची मापेही जुळायला हवीत.

प्रत्यक्ष बदलताना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद करून काही मिनिटे थांबावे. तारांची जागा आधी टिपून ठेवावी. पुढची बाजू मागे गेली, तर गायक माइकच्या पाठीशी गात राहतो. पडद्याला बोट लावू नये, त्यावर फुंकर मारू नये आणि तो पुसूही नये. सोल्डरिंगनंतर उरलेला राळेचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा, मात्र तो फक्त सर्किटवरून आणि जोडणीच्या खुंट्यांवरून. घामट बोटांचा ठसा तेथे राहिला, तर नव्या कॅप्सूलसह पहिल्याच पावसात तीच चरचर परत येते. काढलेली जुनी कॅप्सूलही कोरड्या डबीत ठेवावी. पुढे सर्किटवर संशय आला, तर अदलाबदल करून पाहण्यास ती उपयोगी पडते.