पिल्लू रात्री का रडतं?



आज आपण कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलणार आहोत. कुत्र्यावर कसला कार्यक्रम, असं काही जणींना वाटेल. पण आपल्यातल्या ज्या वस्तीवर, मळ्यात राहतात, ज्यांच्या दाराशी चार शेळ्या, दहा कोंबड्या आहेत, त्यांना विचारा. रात्री राखणीला कुत्रं असलं की केवढा धीर असतो! म्हणून कुणाकडे कुत्री व्याली की आपण एक पिल्लू सांगून ठेवतो. पोरं ते पिशवीत घालून घरी आणतात. दिवसभर त्याचं कौतुक होतं. आणि रात्री दिवे मालवले की पिल्लू रडायला लागतं.

पहिल्या रात्री सगळे सोसतात. दुसऱ्या रात्री कुणीतरी ओरडतं, कुणी चप्पल फेकतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, कुत्रं रडणं चांगलं नाही. पहाटे उठून पाणी, धारा, डबे ज्या बाईला करायचे असतात, तिची तर झोपच जाते. तिसऱ्या रात्री निकाल लागतो, "द्या सोडून त्याला." मग ते पिल्लू रस्त्याच्या कडेला नाहीतर बाजाराच्या गावी सोडलं जातं. तिथं ते किती दिवस जगणार, हे आपल्याला कळतं. पण रात्रभर जागलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

खरं म्हणजे हा सगळा आठ-दहा रात्रींचा प्रश्न आहे. पिल्लू का रडतं हे कळलं, तर त्यातल्या बऱ्याच रात्रीही शांत जातात.

जन्मल्यापासून हे पिल्लू एकटं कधी झोपलेलंच नसतं. एकीकडे आईचं पोट, दुसरीकडे भावंडं, सगळी एकमेकांच्या अंगावर अंग टाकून निजलेली. ऊब तिथेच, वास तिथेच. पिल्लू चुकून बाजूला सरकलं की ते ओरडतं आणि आई येऊन त्याला जवळ घेते. आपल्या घरात ते तेच करत असतं. आईला हाक मारत असतं. त्यात हट्ट नाही आणि अपशकुनही नाही. तान्हं बाळ रात्री रडलं तर आपण त्याला मारत नाही. भूक लागली का, ओलं झालं का, गार लागतंय का, ते आधी बघतो. इथंही तेच बघायचं: ऊब, पोट, लघवी आणि सोबत. या चारांत काय कमी पडलं ते शोधायचं.

पण त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे पिल्लाचं वय. आठ आठवडे पुरे होईपर्यंत, म्हणजे दोन महिने, पिल्लू आईपाशी राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाटायला लागतं, म्हणून लोकांना वाटतं की आता चालेल. पण आईचं दूध तेव्हा सुटलेलं नसतं. शिवाय भावंडांशी खेळताना, चावताना, किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ते तिथंच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू जास्त रडतं, जास्त आजारी पडतं आणि पुढे चावरं होण्याची भीतीही जास्त. कुणी महिन्याचं पिल्लू देत असेल तर सांगा, आणखी महिनाभर राहू दे, मग नेते.

आणायच्या दोन दिवस आधी एक जुनं फडकं नाहीतर गोणपाटाचा तुकडा पिल्लाच्या आईच्या अंगाखाली टाकून ठेवा. पिल्लाबरोबर तो तसाच, न धुता, घरी आणा. त्याला आईचा आणि भावंडांचा वास असतो. पिल्लू सकाळीच आणा. म्हणजे रात्र व्हायच्या आत त्याला घर, माणसं, आवाज ओळखीचे होतात. तिन्हीसांजेला आणलेलं पिल्लू थेट अंधारातच सापडतं.

आता पहिली गोष्ट, ऊब. खोकं, टोपली किंवा उलटं केलेलं जुनं डालगं, काहीही चालेल. खाली जाड गोणपाट, त्यावर गोधडीचा तुकडा, त्यावर ते आईच्या वासाचं फडकं. जागा फार मोठी नको; पिल्लाला अंग टेकायला कड मिळाली पाहिजे. थंडीत बाटलीत कोमट पाणी भरून, बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. बाटली उघडी अंगाला लागू देऊ नका आणि पिल्लू ती चावत असेल तर काढून घ्या. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्या धुरानं माणसाचाही जीव जातो. उन्हाळ्यात उलट करायचं, वारा लागेल अशी सावलीची जागा आणि शेजारी पाणी.

दुसरी गोष्ट, पोट. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. एकदाच वाटीभर घातलं तर पोट तडस लागतं आणि रात्री त्रास होतो. आपण प्रेमानं गायी-म्हशीचं दूध वाटीभर ठेवतो, पण कुत्रीचं दूध वेगळं असतं. त्यात चरबी आणि प्रथिनं बरीच जास्त असतात आणि दुधातली साखर कमी. गायीचं दूध पोटभर पाजलं तर पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. त्यापेक्षा बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात कालवून द्या, भाकरी भिजवून मऊ करून द्या, थोडं दही द्या. नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही. उकडलेलं अंडं कुस्करून घातलं तर फार चांगलं. कांदा, लसूण, तिखट, चॉकलेट त्याला घालू नका. द्राक्षं आणि बेदाणेही कुत्र्याला विषारी आहेत. सांगली-नाशिककडच्या द्राक्षबागांतल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं चिरफाळतात आणि आतड्यात रुततात, तीही नकोत. रात्रीचं शेवटचं खाणं सातच्या सुमारास द्या, म्हणजे झोपायच्या आधी पोट मोकळं होतं.

तिसरी गोष्ट, लघवी. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण तीन तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही. झोपेत थोडी जास्त धरेल, पण रात्रभर नाही. आणि आपल्या अंथरुणात घाण करायची नाही, हे त्याला आईपाशीच कळलेलं असतं. म्हणून मध्यरात्री ते कुरकुरतं, गोल गोल फिरतं, हुंगतं. ते "मला बाहेर न्या" सांगत असतं. अशा वेळी उचलून, रोजच्या एकाच जागी न्यायचं. मोठा दिवा लावायचा नाही, खेळवायचं नाही, खायला द्यायचं नाही. झालं की पाठीवरून हात फिरवून परत जागेवर. तिथं गंमत झाली, तर उद्यापासून ते गमतीसाठीच उठवील. दहा वाजता झोपवलं तर एक-दीडला एकदा न्या, आणि पहाटे तुम्ही उठाल तेव्हा सगळ्यात आधी. पिल्लू वाढेल तसं मधलं उठणं आपोआप सुटतं. घरात घाण केली तर त्याचं नाक त्यात घासू नका. त्याला एवढंच कळतं की माणूस आला की दुखतं. पुसून घ्या आणि पुढच्या वेळी थोडं लवकर न्या.

चौथी गोष्ट, सोबत. पहिल्या तीन-चार रात्री टोपली आपल्या अंथरुणाजवळ ठेवा. पिल्लाला तुमचा श्वास ऐकू आला, वास आला, की निम्मं रडणं तिथंच थांबतं. रडलं तर टोपलीत हात घालून हळू थोपटा, पण उचलून कुशीत घेऊ नका. मग दोन-तीन रात्रींनी टोपली दाराकडे सरकवा, पुढे पडवीत, आणि नंतर जिथं ते कायमचं झोपायचं आहे तिथं. सरकवल्यावर थोडी कुरकुर होईलच. दोन-चार मिनिटं वाट बघा. बहुतेक वेळा पिल्लू स्वतःच निजतं. जीव तोडून ओरडत असेल तर मात्र उठून बघा. ते अडकलं असेल, गारठलं असेल, नाहीतर दुखत असेल. अंधारात एकटं कोंडून "रडून रडून गप्प बसेल" म्हणणं चुकीचं आहे. ते गप्प बसतं ते थकून, आणि मनात भीती धरतं. भित्रं कुत्रं राखण करत नाही. ते एकतर पळतं, नाहीतर घरच्याच पोराला चावतं.

रात्रीची झोप दिवसावरही अवलंबून असते. एवढंसं पिल्लू चोवीस तासांत अठरा तासांच्या आसपास झोपतं. पोरं शाळेतून आली की त्याला उठवून उठवून खेळवतात. मग जास्त दमलेलं बाळ जसं किरकिरं होतं, तसं पिल्लूही होतं. पोरांना एक नियम घालून द्या: पिल्लू टोपलीत असलं की हात लावायचा नाही. संध्याकाळी पाच-सहाला मात्र पोटभर खेळू द्या. पोरांनी पिल्लाला अंथरुणात घेऊ नये, आणि खेळून झाल्यावर साबणानं हात धुवावेत, कारण कुत्र्याच्या पोटातले जंत माणसांनाही होतात.

कायमची झोपायची जागा ठरवताना बिबट्याचा विचार करा. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यातल्या बायांना हे सांगायला नको. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे अंगणात दोरीनं बांधलेलं, रडणारं पिल्लू हे बिबट्याला बोलावणंच झालं. अशा भागात पिल्लू रात्री दार असलेल्या जागीच हवं. बिबट्या नसला तरी लहान पिल्लाच्या गळ्यात साखळी किंवा सुतळी बांधून रात्रभर ठेवू नका. पीळ बसून गळफास लागतो.

आता, कोणतं रडणं वेगळं असतं ते ओळखा. पिल्लू खात नाही, मलूल पडून आहे, उलट्या होतात, घाण वासाची रक्ताची हगवण लागली आहे, तर ते एकटेपणाचं रडणं नाही. तो पार्व्हो नावाचा आजार असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत पिल्लू दगावतं. सकाळ झाल्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात न्या. आपल्या घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी होऊ शकते. पोट टम्म आणि अंग हाडकुळं असेल तर जंत असतील. खाजवून खाजवून झोपत नसेल तर गोचीड-पिसवा बघा, पण गोठ्यातलं किंवा पिकावरचं औषध त्याच्या अंगाला चोळू नका. पिल्लाच्या वजनाचं औषध डॉक्टरच देतील.

पार्व्होची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसतो, असं समजू नका. पिल्लाचा दात लागला, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, चटणी काही लावू नका. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते.

शेवटचं एक. पिल्लू घरातल्या सगळ्यांना हवं असतं, पण रात्री उठायचं ते मात्र बाईनंच, असं होतं. हे पिल्लू आणायच्या आधीच बोलून घ्या. मध्यरात्री एकदा मालकांनी बाहेर न्यावं, पहाटे तुम्ही, संध्याकाळचं खेळवणं आणि टोपलीतलं फडकं बदलणं पोरांनी. कुणीच तयार नसेल, तर पिल्लू सध्या आणू नये, हे सांगायलाही कचरू नका. आणून सोडून देण्यापेक्षा ते बरं.

आणि तयारी असेल तर हे आठ-दहा दिवस नेटानं काढा. वेळच्या वेळी खायला मिळतं, बाहेर नेलं जातं, हाक मारली तर कुणीतरी येतं, एवढं पिल्लाला पटलं की ते निजतं. आणि पुढे कित्येक वर्षं तुम्ही निजलात की ते जागं राहतं.