घरांतील पावा आणि शेजाऱ्यांचे कान

जत्रेंत काठीला बासऱ्यांचा गुच्छ खोवून हिंडणारा बासरीवाला कोल्हापूरच्या मुलांस नवा नाहीं. तो स्वतः वाजवीत असतो तेव्हां ती विद्या फार सोपी वाटते. परंतु तीच बासरी घरीं आली म्हणजे पहिल्या दिवशीं कौतुक होतें, दुसऱ्या दिवशीं वडील मंडळी मुकाट्यानें दार लोटून घेतात, आणि आठवडा संपण्यापूर्वीं ती कपाटावर, मुलाचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर, जाऊन बसते. यांत दोष कोणाचा हा वाद येथें घालावयाचा नाहीं. शिरोली किंवा गोकुळ शिरगांव येथील कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळीं निजलेल्या शेजाऱ्यास झोंपेचा हक्क आहे. तसाच शिकणाऱ्या मुलास सरावाचाही आहे, कारण सरावावांचून कोणतेंही वाद्य आजवर कोणास आलेलें नाहीं. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस या दोघांचें कसें निभावेल, एवढाच प्रस्तुत प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर बरेंचसें त्या नळीच्या रचनेंतच सांपडतें.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. आडव्या बासरींत फुंक ओठांनीं घडवून भोकाच्या कांठावर सोडावी लागते. उभ्या पाव्याच्या टोंकांत बूच असतें, बुचाजवळ एक अरुंद फट असते, आणि तींतून निघालेला वारा पुढील चौकोनी खिडकीच्या धारेवर आपोआप जाऊन आदळतो. म्हणून पावा पहिल्याच फुंकेस बोलतो, आणि आडवी बासरी कित्येक दिवस नुसती फुसफुसते. पत्र्याचा पावा, ज्यास इंग्रज लोक टिन व्हिसल म्हणतात, तो या उभ्या जातीचा. इंग्लंडांतील सफोक परगण्यांतल्या कोनी वेस्टन या खेड्याच्या रॉबर्ट क्लार्क यानें इ. स. १८४३ मध्यें कल्हईचा पत्रा गुंडाळून व तोंडाशीं लांकडी बूच ठोकून असे पावे करण्यास आरंभ केला. पुढें मँचेस्टरकडे त्याचा कारखाना निघाला, आणि स्वस्ताईमुळें हें वाद्य गोरगरिबांच्या हातीं गेलें. सहा भोकें, दोन सप्तकें आणि अल्प किंमत: मुलाच्या वाद्यास याहून अधिक काय हवें?

आवाज मोठा होतो असें दिसलें कीं घरांतील प्रत्येक जण ‘जरा हळू फुंक’ असा उपदेश करतो. हा उपदेश पेटीवाल्यास ठीक आहे. भाता हळू चालविला तरी पेटीचा सूर फारसा ढळत नाहीं. तबलजीसही ठीक आहे. तो बोटांच्या टोंकांनीं ठेका धरूं शकतो. पाव्याचें तसें नाहीं. फटींतून निघालेला वाऱ्याचा पातळ पडदा धारेवर क्षणांत आंत, क्षणांत बाहेर असा हेलकावतो, आणि नळींतील हवा त्याच्याशीं मेळ धरून कंप पावते. वाऱ्याचा वेग कमी झाला कीं सूर उतरतो, डळमळतो व शेवटीं तुटतो. वेग वाढला कीं सूर चढतो, आणि एका मर्यादेपुढें एकदम वरच्या सप्तकांत उडी घेतो. म्हणजे प्रत्येक सुराची फुंक जवळजवळ ठरलेली आहे. जो मुलगा शेजाऱ्यांच्या भीतीनें दबकत फुंकतो, त्याचा कान उतरलेल्या सुरास सरावतो, आणि ही खोड पुढें जातां जात नाहीं. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, घरांत फुंक चोरूं नये. आवाज कमी करण्याचे दुसरे मार्ग शोधावे.

त्यांतला पहिला मार्ग खिडकीचा. पाव्याच्या खिडकीवर एका बाजूनें कागदी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा असा लावावा कीं, खिडकीच्या रुंदीचा सुमारें तिसरा हिस्सा झांकला जाईल आणि उरलेली धार उघडी राहील. धारेवर काम करणारा वारा कमी झाल्यामुळें आवाज बारीक होतो. पट्टी थोडी थोडी सरकवून कोठवर झांकलें असतां सूर स्वच्छ राहतो तें ज्यानें त्यानें पाहावें. फार झांकली तर पावा मुका होतो. सर्वच सूर किंचित् उतरतील, पण ते सगळे बहुतेक बरोबरीनें उतरत असल्यामुळें एकट्यानें वाजवितांना बिघडत नाहीं. पेटीबरोबर वाजवावयाचें असेल तेव्हां पट्टी काढावी. फटींत मात्र कापूस किंवा कागद कोंबूं नये. तेथें ओल धरते व वाद्य कायमचें बिघडतें.

पुष्कळ मुलें पाव्याच्या खालच्या टोंकांत फडकें कोंबतात. तर्क असा कीं, कर्ण्याप्रमाणें आवाज तेथून बाहेर पडत असावा. वास्तविक तो खिडकींतून आणि जीं भोकें उघडीं असतील त्यांतून बाहेर पडतो. खालचें टोंक बंद केल्यानें सगळीं भोकें झांकून वाजणारा सर्वांत खालचा सूर तेवढा बिघडतो, आणि बाकीचे बहुधा पूर्वींइतकेच मोठे राहतात!

आडव्या बासरीवर असा तुकडा लावतां येत नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. तेथें फट म्हणजे वाजविणाऱ्याचे स्वतःचे ओठ. ओठांमधील वाट लहान करून वेग तोच ठेवला तर वारा कमी लागतो, आवाज मंद होतो व सूर जागेवर राहतो. ही किमया साधावयास महिने लागतात, परंतु एकदां साधली म्हणजे रात्रीं घरांत वाजविण्यास त्यासारखें साधन नाहीं. शिवाय नळी लांब असेल तर सूर खालचे निघतात. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं रागसंगीतासाठीं सुमारें ३२ इंचांची लांब बासरी प्रचारांत आणली. तिचा गंभीर आवाज जत्रेंतील वीतभर बासरीच्या किंकाळीपेक्षां शेजाऱ्यास किती तरी सुसह्य वाटेल. याचें कारण कानाच्या घडणींत आहे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २००० ते ५००० कंपनें असलेल्या आवाजास सर्वांत तीक्ष्ण असतो. नेहमींच्या लहान टिन व्हिसलचा खालचा सूर सेकंदास सुमारें ५८७ कंपनांचा, तर दोन सप्तकें वरचा सूर सुमारें २३४९ कंपनांचा. म्हणजे वरच्या सप्तकाचीं शेवटचीं टोंकें नेमकीं त्या तीक्ष्ण भागांत जाऊन बोंचतात, आणि तीं काढण्यास फुंकही जोराची लागते. एका सुराचा दोन्हींकडून जाच होतो.

आतां जागेविषयीं. पेठांतील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आवाजास चांगल्या अडवितात, परंतु वाड्याचा चौक तोच आवाज प्रत्येक सोप्यांत नेऊन पोंचवितो. चौकांत किंवा जिन्यांत कधींच बसूं नये. नव्या इमारतींत भिंती पातळ असतात, आणि दारें-खिडक्यांच्या फटी त्याहून घातक. दाराखालच्या बोटभर फटींतून केवढा आवाज निसटतो तें बाहेर उभें राहून ऐकल्यावांचून खरें वाटत नाहीं. तेथें सतरंजीची गुंडाळी घातली तरी फरक पडतो. न्हाणीघर गाण्यास गोड वाटतें, पण फरशा आवाज परत फेंकतात, म्हणून पाव्यास तें वाईट. त्यापेक्षां कपड्यांनीं भरलेलें कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसावें, पाठीमागें दोरीवर आजीची वाकळ टाकावी. जाड सुती कापड उंच सुरांना चांगलें शोषून घेतें, आणि आपला त्रासही उंच सुरांचाच आहे.

तरीही एक गोष्ट उरते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेजाऱ्यास आवाजाच्या मोठेपणापेक्षां त्याचा तुटकपणा अधिक छळतो. एकच ओळ तिसऱ्या सुरापाशीं अडखळते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा तेथेंच अडखळते; ऐकणाऱ्याचें मन पुढच्या सुराची वाट पाहत लोंबकळत राहतें. म्हणून बोटांचा सराव फुंकेवांचून करावा. पावा हनुवटीशीं टेकवून, सूर मनांत म्हणत, अवघड जागा वीस वेळां निःशब्द बसवावी. भोकें पुरतीं झांकलीं जातात कीं नाहीं तें बोटांवर उमटणाऱ्या वळांवरून कळतें. मग ती ओळ सावकाश, पण अखंड, दोन वेळां वाजवून थांबावें. अर्ध्या तासांत प्रत्यक्ष आवाज दहा मिनिटांचाच होतो, आणि शिकणें मात्र कमी होत नाहीं.

वेळ ठरलेली असावी व ती शेजारीं सांगून ठेवावी. ‘काकू, मी रोज सायंकाळीं सहा ते सव्वासहा वाजविणार आहें, तुम्हांस अडचण असेल तर सांगा,’ असें मुलानें स्वतः जाऊन विचारावें. आईवडिलांकडून निरोप धाडूं नये. केव्हां संपणार हें ठाऊक असलेला आवाज माणूस सोसतो. शेजारीं कोणी आजारी असेल किंवा दहावीच्या परीक्षेस बसलें असेल, तर ते दिवस निःशब्द सरावावरच काढावे. कायद्यानेंही हद्द घातलेली आहे. केंद्र शासनाच्या इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंतचा काळ रात्र मानला असून निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आहे.

घरीं मुळींच सोय नसेल तर वाद्य घराबाहेर न्यावें. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १९३८ सालीं अलाहाबाद येथें एका पैलवानाच्या घरीं झाला. मुलानें तालीमच करावी अशी वडिलांची इच्छा. तेव्हां त्यांनीं मित्राच्या घरीं जाऊन संगीताचा सराव केला. तालमींत कमावलेला दम पुढें बासरीस उपयोगी पडला असें ते सांगत आले आहेत. तालमींच्या या शहरांतील पालकांनीं हें अवश्य ऐकावें.

वरचें सप्तक रंकाळ्याच्या कांठीं किंवा पंचगंगेच्या घाटावर नेऊन भरपूर फुंकेनें घोटावें. उघड्यावर अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची पातळी सुमारें सहा डेसिबलनें उतरते, आणि तो परतवावयास भिंती नसतात. फक्त अगदीं पहांटे, वारा पडलेला असतांना, गार पाण्यावरून आवाज नेहमींपेक्षां फार दूर जातो. समोरच्या कांठावरही घरें आहेत, तेव्हां ऊन थोडें वर येईपर्यंत खालच्याच सप्तकांत वाजवावें.