स्क्रू वजन उचलत नाही

खान्देशात म्हातारं माणूस मोरीत घसरून खुब्यात मोडलं, की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ऑपरेशनआधी: "आता खाट धरली." ऑपरेशननंतर: "तीन स्क्रू टाकलेत, आता सगळा भार त्यांच्यावर." पहिलं भीतीपोटी, दुसरं कौतुकानं, चूक दोन्ही. आधी दुसरं घेऊ, कारण ते शिकल्यासवरलेल्यांच्याही तोंडी असतं.

मांडीचं हाड वर येता येता आत वळतं. वळलेला भाग म्हणजे मान, तिच्या टोकाला गोळा. रावेर-यावलच्या बागेत घड भरला की केळीचं झाड एका अंगाला कलतं, तशी ही मानही कायम एका बाजूला वाकवली जात असते. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो. तेव्हा शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला, लांबून ओढतं आणि बाहेरचे स्नायू ते जवळून तोलून धरतात. भरली बादली हात लांब करून धरली की जड होते, तोच हिशेब. 50 किलोच्या आजीच्या गोळ्यावर म्हणूनच 125 किलोच्या आसपास दाब येतो.

हा दाब महिनोन्‌महिने एकट्यानं पेलणं साडेसहा-सात मिलिमीटर जाडीच्या तीन स्क्रूंचं काम नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पोलादही असंच थकतं. मोडलेले दोन तुकडे स्क्रूनं एकमेकांवर दाबून धरायचे, भार हाडातून हाडात गेला पाहिजे. त्यासाठीच या स्क्रूला आटे फक्त टोकाशी असतात. ते सगळे मोडीच्या पलीकडे, गोळ्यात रुतले पाहिजेत. आट्यांचे फेरे अलीकडे राहिले तर स्क्रू कितीही पिळा, फट मिटत नाही. धातू थकायच्या आत हाड जुळलं तर जिंकलो.

"मग चार-पाच टाका की!" इथे संख्येपेक्षा जागा मोठी. म्हाताऱ्या हाडाचा गाभा विरलेल्या स्पंजासारखा. मधोमध घातलेल्या स्क्रूला तिथे धरायला काही नसतं. म्हणून बहुधा उलटा त्रिकोण करतात: एक खाली, दोन वर, आणि खालचा स्क्रू मानेच्या तळाच्या कठीण कडेला टेकलेला. टेकू कुठे द्यायचा हे केळीवाल्याला सांगावं लागत नाही. शिवाय बाहेरच्या बाजूला फार खाली भोकं पाडली, तर हाड पुढे तिथूनच मोडू शकतं.

काही आठवड्यांनी एक्स-रेत स्क्रूचं डोकं थोडं बाहेर आलेलं दिसतं आणि घरचे हबकतात. मोड दबत जाते तसा स्क्रू मागे सरकावा, अशीच त्याची रचना असते. पाय थोडा आखूड होतो, ही त्याची किंमत. स्क्रूचं टोक पुढे सांध्यात घुसलं, किंवा दुखणं वाढत गेलं, तर मात्र थांबू नये.

मोडीची रेघ किती उभी, यावरही बरंच ठरतं. पाउवेल्स या जर्मन डॉक्टरांनी 1935 मध्येच कोनावरून तीन प्रकार पाडले. रेघ आडवी असेल तर वजनानं तुकडे एकमेकांवर दाबले जातात. उभी असेल तर एक तुकडा दुसऱ्यावरून घसरतो. मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या तरुणाची मोड बऱ्याचदा अशी उभी असते. तिथे पट्टीसह सरकणारा जाड स्क्रू विचारात घ्यावा लागतो. पन्नाशीपुढच्या हजारावर रुग्णांत सुटे स्क्रू आणि पट्टीचा स्क्रू यांची तुलना 2017 मध्ये प्रसिद्ध झाली: दोन वर्षांत दोन्हीकडे साधारण पाचांतल्या एकाला पुन्हा टेबलावर जावं लागलं. "स्क्रू टाकले, विषय संपला" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"शेजारच्यांना रॉड, आमच्या आईला बॉल का?" कारण मोड वेगळी. मान मोडून तुकडे सरकले की गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात. उतारवयात गोळा वाचवण्यापेक्षा बदलणं बहुधा शहाणपणाचं. मानेच्या खाली मोडलं तर रक्तपुरवठा चांगला असतो. तिथे रॉड किंवा पट्टी.

काठीचंही स्क्रूसारखंच, जागा मोठी. दुखऱ्या पायाच्या बाजूला धरलेली काठी जवळपास वाया जाते. ती दुसऱ्या हातात हवी, म्हणजे खुब्याच्या स्नायूंचा जोर वाचतो आणि गोळ्यावरचा दाब उतरतो.

राहिली खाट. पडून राहिल्यानं खुब्याला पूर्ण विश्रांती मिळत नाही. भांडं घ्यायला कंबर उचलली तरी स्नायू सांधा आवळतातच. वर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. म्हणून हाडवैद्याकडे चोळून घेण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा. धुळ्याला 1988 पासून आणि जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी आरोग्य योजना 2012 मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, आणि दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा.