पेशींचा निरोप्या

चैत्रांत चिमूरच्या रानांत पहांटेस मोहफुलें वेंचणाऱ्याच्या कानीं वाघाची डरकाळी पडतांच त्याची छाती धडधडूं लागते. हृदयाला ही वर्दी देतो कोण? मज्जातंतु हें शरीराचें तारायंत्र, असें मी शाळेंत सांगत असें; परंतु दुसरा निरोप्या रक्तावाटें निघतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथि असते. तिच्या पेशी ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात.

रक्त सर्वत्र जातें. पण ज्या पेशींवर त्या द्रव्याशीं जुळणारा ग्राहक असतो, त्यांनाच निरोप कळतो. कुलुपाला किल्ली बसावी तसेंच हें. द्रव्य दारांतच थांबतें, आणि आंत दुसरें द्रव्य तो निरोप पुढें नेतें. हें अर्ल सदरलंड यांनीं दाखविलें. १९७१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. निरोप एकच, पण हृदय जलद चालतें, यकृत साखर सोडतें, श्वासनलिका रुंदावतात.

हें ज्ञान केवळ पुस्तकी नव्हे. आग्या मोहोळाच्या माश्या डसल्यावर कोणाकोणाच्या पेशी हिस्टामीनादि द्रव्यें एकाएकीं उधळतात. घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हां डॉक्टर मांडीच्या स्नायूंत ॲड्रिनॅलिनच टोंचतात. त्यानें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व श्वासमार्ग मोकळा होतो. म्हणून दंशानंतर श्वास कोंडूं लागला, तर लेप लावीत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.