जी ऑफिस बिल्डिंग पाडायची चर्चा होती, तिच्यातच आज गावची लायब्ररी भरते…

‘सेव्हरन्स’ ही सिरीज बघितली असेल, तर त्यातलं ल्युमन कंपनीचं ऑफिस विसरणं अवघड आहे. काळपट काचेची अवाढव्य इमारत आणि आत शुकशुकाट. माणसं रोज सोबत काम करतात, पण ऑफिसबाहेर एकमेकांना ओळखतही नाहीत.

आता गंमत बघा. हे ज्या बिल्डिंगमध्ये शूट झालं, ती खरी बिल्डिंग याच्या अगदी उलटी आहे.

तिच्या मधल्या हॉलमध्ये हॉटेलं आहेत, दुकानं आहेत, बास्केटबॉलची बास्केट आहे, लहान पोरांची शाळा आहे. गावची सरकारी लायब्ररीसुद्धा तिथंच आहे. वर ऑफिसं चालतात आणि खाली गावातली आजी नातवाला घेऊन पुस्तक बदलायला येऊ शकते. आत यायला ओळखपत्र लागत नाही.

आणि हीच बिल्डिंग एकेकाळी पाडायची चर्चा होती.

आपल्याकडेही आता नव्या ऑफिस बिल्डिंगची जाहिरात आली की कॅफे, टेरेस गार्डन, गेम झोन, जिम ही यादी असतेच. ‘कम्युनिटी’ हा शब्द तर ठरलेला. पण सोफे टाकले आणि कॉफीचं मशीन बसवलं की माणसं खरंच जवळ येतात का? हेच या बिल्डिंगच्या निमित्तानं समजून घेऊ.

तर विषय सुरू होतो बेल लॅब्सपासून

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होल्मडेल नावाचं गाव आहे. तिथं बेल लॅब्सची ही इमारत १९६२ मध्ये उघडली. डिझाइन होतं ईरो सारिनेन या नावाजलेल्या आर्किटेक्टचं. बिल्डिंग पूर्ण झालेली बघायला ते स्वतः मात्र राहिले नाहीत, १९६१ मध्येच गेले.

पुढं ही इमारत वाढवत नेली. क्षेत्रफळ गेलं २० लाख चौरस फुटांच्या आसपास आणि भरभराटीच्या काळात इथं ६ हजारांच्या घरात लोक काम करायचे. साधी माणसं नव्हती ती. लेझरनं अणू थंड करण्याच्या कामासाठी स्टीव्हन चू यांना १९९७ चं नोबेल मिळालं, ते काम त्यांनी १९८५ च्या सुमारास होल्मडेललाच केलं होतं.

पण टेलिफोनच्या धंद्याची गणितं बदलली, कंपन्या फुटल्या, विकल्या गेल्या. २००७ मध्ये इमारतीला कुलूप लागलं. एवढं मोठं धूड घ्यायचं कुणी आणि वापरायचं कशाला? पाडण्याची भाषा सुरू झाली. शास्त्रज्ञ आणि आर्किटेक्ट मंडळींनी विरोध केला. इमारत वाचली खरी, पण रिकामीच राहिली.

२०१३ मध्ये एका डेव्हलपरनं ती घेतली आणि नाव ठेवलं ‘बेल वर्क्स’. त्यानं एकाच मोठ्या कंपनीची वाट बघितली नाही. इमारतीच्या मधोमध सुमारे ४०० मीटर लांबीचं अॅट्रियम होतं, म्हणजे वरून काचेचं छत असलेला प्रचंड चौक. तोच त्यानं गावाचा रस्ता असल्यासारखा वापरायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना दुकानं आणि खाण्याच्या जागा, वरच्या मजल्यांवर वेगवेगळ्या कंपन्या. २०१७ मध्ये होल्मडेलची लायब्ररी इथं आली. त्याच वर्षी इमारतीचं नाव अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीतही गेलं.

म्हणजे भिंती त्याच, छत तेच. बदललं ते एवढंच की मधल्या जागेत थांबायला कारण मिळालं आणि दार सगळ्यांना उघडं झालं.

पण माणसं एकमेकांशी बोलतात, ती नेमकी कशामुळं?

याचं उत्तर शोधायला १९५० पर्यंत मागं जावं लागतं. लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला. कोणाची कोणाशी मैत्री होते, हा प्रश्न होता. वाटलं असेल की आवडीनिवडी जुळल्या की मैत्री होते. पण दिसलं असं की शेजारच्या दाराशी मैत्री सगळ्यात जास्त. आणि जिन्याजवळ किंवा पत्रपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या तर वरच्या मजल्यावरही ओळखी. कारण सोपं होतं. सगळे तिथून जायचे.

पुढं एमआयटीच्याच थॉमस अॅलन यांनी हाच प्रश्न इंजिनिअरांच्या ऑफिसात विचारला. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकात तो आलेख आहे, त्याला आज ‘अॅलन कर्व्ह’ म्हणतात. दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढेल तसं कामाबद्दलचं बोलणं झपाट्यानं कमी होतं. ५० मीटरच्या पलीकडं गेलं की आठवड्यातून एकदाही बोलणं व्हायची शक्यता फारच कमी उरते. ५० मीटर म्हणजे किती? रेल्वेचे जेमतेम दोन डबे.

याचा अर्थ बिल्डिंगचा नकाशाच ठरवतो की कोण कोणाला भेटणार.

स्टीव्ह जॉब्स आणि संडासाचा किस्सा

ही गोष्ट स्टीव्ह जॉब्सनं अगदी मनावर घेतली होती. पिक्सारचं कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलचं ऑफिस २००० मध्ये सुरू झालं. आधी विचार होता वेगवेगळ्या इमारतींचा. चित्रं काढणारे एकीकडं, कॉम्प्युटरवाले दुसरीकडं आणि मॅनेजमेंट तिसरीकडं. जॉब्सनं तो बाद केला. एकच इमारत, मधोमध मोठं अॅट्रियम आणि कॅफे, पत्रपेट्या, मीटिंगच्या खोल्या सगळं त्याच्याच आसपास.

तो इथंच थांबला नाही. आख्ख्या बिल्डिंगला संडास-बाथरूमसुद्धा एकाच ठिकाणी, अॅट्रियममध्येच असावीत, असं त्याचं म्हणणं होतं. जायला तर सगळ्यांनाच लागतं, मग भेट होणारच!

चाळीत राहिलेल्या माणसाला हे शास्त्र वेगळं शिकवायला नको. सामाईक नळ, सामाईक गॅलरी आणि सकाळची ती रांग, याच जागी आख्ख्या चाळीच्या बातम्या फिरायच्या. पण त्याच माणसाला विचारा, रांग आवडायची का? पहिली संधी मिळताच लोक ‘सेल्फ कंटेन्ड’ ब्लॉककडं का पळाले?

पिक्सारमध्येही तेच झालं. कर्मचाऱ्यांनी विरोध केला. एका गरोदर बाईनं सांगितलं की बाथरूमसाठी एवढं चालत जायला लावणं बरोबर नाही. शेवटी जॉब्सनं माघार घेतली आणि दोन्ही बाजूंना, दोन्ही मजल्यांवर बाथरूम झाली. अॅट्रियम मात्र राहिलं. २०१२ मध्ये त्या इमारतीला जॉब्सचंच नाव दिलं गेलं.

या किश्श्यातला धडा महत्त्वाचा आहे. वाटेत भेट घडवणं वेगळं आणि अडवून भेटायला लावणं वेगळं.

मग भिंतीच काढून टाकल्या तर?

बऱ्याच कंपन्यांनी हेच केलं. केबिन गेल्या, पार्टिशन गेली, लांबलचक टेबलं आली. सगळे सगळ्यांना दिसतात म्हणजे सगळे सगळ्यांशी बोलतील, असा हिशोब.

हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये याचा अभ्यास छापला. मोठ्या कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सरचे बॅज लावले आणि ओपन ऑफिस व्हायच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं मोजलं. निकाल उलटा आला. समोरासमोर बोलणं वाढलं तर नाहीच, सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. ईमेल आणि मेसेज वाढले.

का? कारण सतत कुणीतरी बघतंय असं वाटलं की माणूस स्वतःभोवती अदृश्य भिंत उभी करतो. कानात हेडफोन, नजर स्क्रीनवर. शेजारचा माणूस दोन फुटांवर असतो, पण त्यालाही मेसेजच जातो. तुमच्याही ऑफिसात हे होत असेल.

थोडक्यात, सगळी जागा ‘सामाईक’ केली की कुठलीच जागा आपली राहत नाही. आणि जिथं आपली अशी जागा नाही, तिथं माणूस मोकळा होत नाही.

मग चांगली सामाईक जागा कशी असते?

आतापर्यंतच्या गोष्टींतून काही मुद्दे सरळ निघतात.

पहिला मुद्दा, जागा वाटेवर हवी. १८ व्या मजल्यावरचं सुंदर टेरेस गार्डन फोटोत छान दिसतं, पण मुद्दाम लिफ्ट पकडून जावं लागलं तर फारसं कुणी जात नाही. तेच चहाचं मशीन दोन टीमच्या मधोमध ठेवलं तर दोन्हीकडची माणसं रोज समोर येतात.

दुसरा, थांबायला निमित्त हवं. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये माणसं कुठं बसतात, याचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९८० मध्ये पुस्तक काढलं. त्यांचा निष्कर्ष ऐकायला साधा आहे. जिथं बसायला जागा असते, तिथं माणसं बसतात. आणि खुर्ची हलवता आली तर जास्तच आवडते. चार इंच का होईना, आपण ती आपल्या मनासारखी सरकवतो.

तिसरा, निघून जायची मुभा हवी. गप्पांच्या जागेसोबत शांत खोलीही पाहिजे, जिचं दार बंद होतं. माघार घेता येते म्हणूनच माणूस पुढं येतो.

चौथा, साहेबांची परवानगी. आणि ती पाटीवरची नाही, नजरेतली. गेम झोनमध्ये कॅरम आहे, पण दुपारी तीनला खेळताना दिसलं की ‘काम नाही वाटतं’ असं ऐकावं लागत असेल, तर तो कॅरम शोभेचा आहे. हा प्रश्न कुठल्याच आर्किटेक्टला सोडवता येत नाही.

आणि पैसे कोण देतं?

हा भाग जाहिरातीत ठळक नसतो. आपल्याकडं ऑफिसची जागा बऱ्याचदा ‘सुपर बिल्ट-अप’वर भाड्यानं जाते. म्हणजे लॉबी, लिफ्ट, जिने आणि सामाईक सोयींचा वाटा तुमच्या चौरस फुटांत धरलेला असतो. वर मेंटेनन्स वेगळा. त्यामुळं ते टेरेस गार्डन फुकट नसतं, कुणी वापरो न वापरो, त्याचं भाडं जात असतं.

यात फायदाही आहे. दहा माणसांच्या कंपनीला स्वतःचा मोठा हॉल किंवा जिम परवडणार नाही. वीस कंपन्यांनी मिळून वापरलं तर परवडतं. पण मग ते खरोखर वापरलं जातं का, हे विचारायचा हक्कही भाडेकरूंचा आहे. कारण ‘कम्युनिटी’ विकणं आणि ती जमवणं यात फरक आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या वीवर्कनं या शब्दावरच जगभर नाव केलं, तरी २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आलीच.

आता शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात जास्त टोचतो. ही सामाईक जागा सामाईक कुणासाठी?

ज्या मावशी ते टेबल पुसतात, त्या तिथं बसून डबा खाऊ शकतात का? सिक्युरिटीचे काका ड्युटी संपल्यावर त्या सोफ्यावर पाच मिनिटं टेकू शकतात का? त्यांचं जेवण जर बेसमेंटमध्ये, जिन्याखाली होत असेल, तर त्या बिल्डिंगमध्ये कम्युनिटी नाही, फक्त चांगलं फर्निचर आहे.

याच्या उलट खाली गेटबाहेरची टपरी बघा. तिथं डिझायनर नाही, थीम नाही, बसायला धड बाकडंही नाही. पण ती वाटेवर आहे, निमित्त आहे दहा-पंधरा रुपयांच्या कटिंगचं, पाहिजे तेव्हा निघता येतं आणि तिथं मॅनेजर, ट्रेनी, ड्रायव्हर एकाच कट्ट्याला टेकून उभे असतात. नोकरी कुठं सुटतेय, कुणाला मुलगी झाली, कुणाचे वडील आजारी आहेत, हे ऑफिसात नाही, तिथं कळतं.

होल्मडेलच्या त्या बिल्डिंगनं एवढंच केलं. काचेच्या आत कडेकोट बंद असलेला चौक बाहेरच्या जगासाठी खुला केला.

उद्या ऑफिसला गेलात की एक करून बघा. दुसऱ्या टीममधल्या माणसाशी तुमचं शेवटचं निवांत बोलणं कुठं झालं होतं, ते आठवा. कॅफेटेरियात, जिन्यात, लिफ्टच्या रांगेत की टपरीवर? जी जागा आठवेल, तीच तुमच्या बिल्डिंगची खरी सामाईक जागा. मग नकाशात तिला काहीही नाव दिलेलं असो.