सायकलवरून परमुलखात

आपल्या उंबरमाळीहून कसाऱ्याच्या पुढे गेले की थळ घाट लागतो. त्याला कोणी कसारा घाट म्हणतात. घाट संपला की इगतपुरी. चढ आला की सायकलवाला खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालू लागतो. एक घाट चढताना ही गत, मग माणूस सायकलवर बसून डोंगर ओलांडून दुसऱ्या देशात कसा जातो? शाळेत असताना मुले मला हे पुष्कळदा विचारीत. मोठ्यांनाही हा प्रश्न पडतो.

आधी एक खरी हकीकत ऐका. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकली घेऊन जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले तिघे वाटेत गळाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे टिकले. इराण, इराककडची वाळवंटे त्यांनी पार केली. युरोपातला आल्प्स पर्वत ओलांडला. मग अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे करीत १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परत आले. समुद्र आला तिथे बोट, बाकी सायकल. एकूण सुमारे ७१,००० किलोमीटर मजल झाली.

आता हिशेब करून बघा. साडेचार वर्षांचे दिवस मोजले तर रोजचे सरासरी ४४ किलोमीटर पडतात. उंबरमाळीहून कल्याण याहून लांब आहे! म्हणजे एका दिवसाचा पराक्रम मोठा नव्हता. रोज उठून निघणे, हे मोठे होते.

चढ कसा चढायचा?

थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. सायकलवाल्याला मागून इंजिन कोण लावणार? त्याचे काम गिअर करतो.

सायकलला पुढे एक दातेरी चक्री असते, मागे एक असते. पुढे ४४ दाते आणि मागे २२ असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते. पुढे २२ आणि मागेही २२ केले, तर चाक एकदाच फिरते. मग जोर निम्मा लागतो, पण तेवढ्याच वाटेला फेरे दुप्पट मारावे लागतात. भाताचे पोते एका खेपेत उचलत नसेल, तर आपण अर्धे अर्धे करून दोन खेपा घालतो ना? तसेच हे. काम तेवढेच राहते, पण ते अंगाला झेपते.

उतार जास्त धोक्याचा

चढाची भीती सगळ्यांना वाटते, उताराची कोणाला वाटत नाही. पण जीव जातो तो उतारावर. ब्रेक सारखा दाबून धरला तर चाकाची रिम तापते, रबर झिजते, कधी ट्यूब फुटते. म्हणून ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. पुढचा आणि मागचा, दोन्ही वापरावे. पावसात ओली रिम लवकर धरत नाही. तेव्हा वळण येण्याआधीच वेग कमी करावा. कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा भाजीची पाटी बांधून उतरणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. एकाच ब्रेकवर घाट उतरू नये.

उंचावरची हवा

आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. हिमालयात मनालीहून लेहला जाताना तांगलांग ला ही खिंड लागते. तिची उंची ५,३२८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून जास्त. तिथे हवा विरळ असते. घाईने वर गेले तर डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. अंगाला सवय व्हावी म्हणून मुक्काम करीत, हळूहळू चढावे. त्रास सुरू झाला तर पुढे चढू नये. वाढला तर ताबडतोब खाली उतरावे. तरण्याताठ्या गड्यालाही हा त्रास होतो. त्यात लाज कसली?

सरहद्द कागदावर ओलांडतात

घाट पायांनी ओलांडता येतो. देशाची सरहद्द नुसत्या पायांनी ओलांडता येत नाही. तिथे चौकी असते. आपण कोण, हे सांगणारा सरकारी कागद म्हणजे पासपोर्ट. आत येण्याची त्या देशाची परवानगी म्हणजे व्हिसा.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने २०१८ साली १४ देशांतून २९,००० किलोमीटर सायकल चालवली, १५९ दिवसांत. कॅनडात अस्वल मागे लागले. स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटले. तरी ती थांबली नाही. पण आइसलँडच्या व्हिसाचे काम अडले, तेव्हा तिचे कितीतरी दिवस गेले. त्यामुळे पुढे युरोपात कडाक्याची थंडी गाठली. अस्वलाने अडवले नाही, कागदाने अडवले!

आपल्याला जवळचा परदेश नेपाळ. तिथे भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. आधार कार्डावर काम भागेल असे धरून निघू नये.

मतदार ओळखपत्र तर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. आज ते बाहेर काढा. आपले नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि गाव स्वतः वाचा. अक्षर चुकले असेल तर तलाठ्याला किंवा मास्तरांना विचारून दुरुस्तीचा अर्ज करा, आणि अंगठा न लावता त्यावर सही करा. नेपाळला जा अगर न जा. दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही, तो कागद आपला.