जुना चित्रपट, जुना काळ आणि आजची नजर

समाज पुढे गेला की मागच्या पिढीची करमणूक नव्या पिढीला खटकू लागते. आपल्या विद्यार्थी मित्रांमध्ये याबाबत दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, अस्पृश्यतेवरचे जुने चित्रपट दयेची भीक घालणारे आहेत, ते दाखवूच नयेत. काही म्हणतात, तो काळच तसा होता, आजच्या मापाने त्याला मोजू नये. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत अर्धेच सत्य आहे.

उदाहरण म्हणून 'अछूत कन्या' घेऊ. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट १९३६ साली आला. दिग्दर्शक होते जर्मनीहून आलेले फ्रान्झ ऑस्टेन आणि प्रमुख भूमिका देविकाराणी व अशोककुमार यांच्या. रेल्वे फाटकाच्या राखणदाराची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचे प्रेम त्यात दाखविले आहे. त्यांचे लग्न होत नाही. शेवटी येणारी गाडी थांबविण्याच्या धडपडीत कस्तुरी प्राण गमावते.

ज्या काळी अस्पृश्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्या काळी अस्पृश्य मुलीला चित्रपटाची नायिका करणे ही लहान गोष्ट नव्हती. हे श्रेय आपण मोकळ्या मनाने दिले पाहिजे. परंतु नायिका सोसते, त्याग करते आणि मरते. हक्क मात्र मागत नाही. जातिव्यवस्था जागच्या जागी राहते आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो.

"त्या काळी याहून वेगळा विचार होताच कुठे?" असे कोणी विचारील. होता! महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला होता. येवल्याची घोषणा १९३५ ची. आणि ज्या वर्षी 'अछूत कन्या' आला त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणातील मजकुरावर आक्षेप घेतला. बाबासाहेबांनी त्यात स्वल्पविरामाचाही बदल करण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली व बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपाने छापले. म्हणजे त्या काळाचे दोन आवाज होते. एकाला चित्रपटगृहाचा पडदा मिळाला, दुसऱ्याला व्यासपीठही नाकारले गेले. ऐतिहासिक संदर्भ पाहायचा तर हे दोन्ही आवाज ऐकले पाहिजेत. केवळ वरच्यांचा काळ हाच सर्वांचा काळ मानणे हा इतिहास नव्हे.

पुढे १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. तोवर संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती. येथे नायिका मरत नाही, तिचे लग्नही ठरते. हे पाऊल पुढचेच. पण जिने तिला मुलगी म्हणून स्वीकारले नव्हते, त्या आईला रक्त देऊन वाचविल्यावरच तिला घरात मान मिळतो. माणूस म्हणून मान मिळविण्यासाठी रक्त का द्यावे लागावे? हा प्रश्न आज आपण विचारतो, हीच समाजाच्या प्रगतीची खूण होय.

मग असे चित्रपट बंद करावेत काय? आमचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. तोंड बंद करण्याचे हत्यार आजवर कोणावर चालले ते आठवावे. महात्मा फुले यांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले. १९८७-८८ मध्ये 'रिडल्स इन हिंदुइझम' मधील राम-कृष्णावरील मजकूर वगळावा म्हणून दबाव आला, तेव्हा आपल्या समाजाने मुंबईत विराट मोर्चा काढला. अखेर शासनाची टीप जोडून तो मजकूर कायम राहिला. ज्यांनी हे लिखाण वाचविले, त्यांनी दुसऱ्याच्या लिखाणावर बंदी मागताना शंभरदा विचार करावा.

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका तामिळ चित्रपटाचे प्रकरण आले होते. 'ओरे ओरु ग्रामथिले' हा तो चित्रपट. त्यात जातीवर आधारित आरक्षणावर टीका होती. मोर्चे आणि हिंसाचाराच्या धमकीपुढे वाकून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. चित्रपटातील मत आपणास मान्य नसले तरी निर्णयाचे तत्त्व आपल्या हिताचे आहे. कारण अनुच्छेद १९ ने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याची सर्वाधिक गरज दुबळ्यालाच असते. बलवानाचे म्हणणे तसेही ऐकले जाते.

अर्थात स्वातंत्र्य म्हणजे अपमानाचा परवाना नव्हे. जिवंत माणसाला चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर हिणविणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जुन्या कथेतील चुकीचे चित्रण आणि आजचा हेतुपुरस्सर अपमान यांत फरक आहे. पहिल्याला उत्तर टीकेने द्यावे, दुसऱ्याला कायद्याने.

आणि सर्वांत चांगले उत्तर म्हणजे आपली स्वतःची निर्मिती. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री' मध्ये कैकाडी कुटुंबातील जब्या शेवटी दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. 'अछूत कन्या' मधल्या कस्तुरीपासून इथपर्यंतची वाट ज्याने पाहिली, त्यालाच त्या दगडाचे वजन कळेल.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे एवढेच की, जुना चित्रपट पाहताना तीन प्रश्न जवळ ठेवा. हे कोणी सांगितले? त्याच वेळी दुसरे कोण काय सांगत होते? आणि ज्याची कथा सांगितली, त्याला बोलू दिले काय? या प्रश्नांनी पाहणारा माणूस जुन्या कलाकृतीवर अन्याय करणार नाही आणि तिच्यातील अन्यायाकडे डोळेझाकही करणार नाही.